लहान बंधारे, ओढ्याचा प्रवाह आणि पूर



ट्रॉम्बे हे नाव आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचे आहे ते टीएजी-२४ या उपट्या भुईमुगामुळे. मुंबईच्या पूर्व उपनगरातील ट्रॉम्बे येथे असलेल्या भाभा अणुसंशोधन केंद्राने अकोल्याच्या कृषि विद्यापीठाच्या सहकार्याने हे वाण दिले आणि ट्रॉम्बे व अकोला या दोन्ही गावांची आद्याक्षरे त्याच्या नावात आली. परंतु बियाण्याखेरीज आणखी एका बाबतीत ट्रॉम्बेकडून शिकण्यासारखे आहे. ती बाब म्हणजे पाणी.

ट्रॉम्बेची टेकडी सुमारे ३०० मीटर उंच आहे. पूर्वेला ठाण्याची खाडी, पश्चिमेला माहूलची खाडी, आणि पायथा जवळजवळ समुद्रसपाटीला. त्यामुळे माथ्यावर पडलेला पाऊस फार थोड्या वेळात खाडीला जाऊन मिळतो. कोकणातील बहुतेक पऱ्ये आणि वहाळ यांची गत हीच आहे, फक्त अंतर थोडे अधिक. पावसाळ्यात दोन-अडीच हजार मि.मी. किंवा त्याहूनही अधिक पाऊस पडतो, आणि माघ-फाल्गुनात बायकांना हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते.

यावर उपाय म्हणून ओढ्यावर लहान बंधारे घालण्याची कामे गावोगाव झाली आहेत आणि होत आहेत. अशा वेळी शेतकरी दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, बंधारे घातल्याने पूर कमी होतो काय? दुसरा, वर पाणी अडविल्याने खालच्या शेतकऱ्याचे पाणी तुटते काय? या लेखात या दोन प्रश्नांचा आणि त्यावरून बंधारा कोठे व कसा बांधावा याचा विचार करू.

ओढ्यात पाणी कसे येते?

पडलेल्या पावसाचे तीन वाटे होतात. काही पाणी जमिनीत मुरते, काही झाडे-गवत व उन्हामुळे हवेत जाते आणि उरलेले जमिनीवरून वाहून जाते. वाहून जाणाऱ्या या पाण्याला अपधाव म्हणतात. पूर येतो तो अपधावेमुळे. पाऊस थांबल्यावर आठवडे-महिने ओढ्यात जी संथ धार राहते, ती मात्र जमिनीत मुरलेल्या पाण्याची असते.

उघड्या-बोडक्या डोंगरावर अपधाव जास्त व वेगवान असते. सगळीकडचे पाणी एकाच वेळी ओढ्यात येते, ओढा तासाभरात फुगतो आणि तितक्याच लवकर ओसरतो. वेगवान पाणी काठ कापते, माती नेते आणि पात्र खोल करते. पात्र खोल झाले की आजूबाजूच्या जमिनीतील ओलही लवकर निचरून जाते. म्हणजे पूर व टंचाई ही दोन वेगळी संकटे नसून एकाच दुखण्याच्या दोन बाजू आहेत.

बंधारा काय काम करतो?

१) पाणी साठवितो. बंधाऱ्यामागे जेवढी जागा असेल तेवढे पाणी अडते. हे काम सर्वांच्या नजरेत भरते.

२) वेग कमी करतो. एकापाठोपाठ एक बंधारे असले की ओढ्याच्या उताराच्या पायऱ्या होतात. बंधारे भरून वाहू लागल्यानंतरही पाणी प्रत्येक पायरीवर थबकते, पात्रात पसरते व मग पुढे जाते. त्यामुळे पुराची सर्वांत उंच पातळी थोडी खाली येते व थोडी उशिरा येते.

३) मुरवितो. अडलेले पाणी तळातून व काठांतून झिरपते. ते विहिरींना लागते किंवा खालच्या बाजूला पुन्हा ओढ्यातच झऱ्याच्या रूपाने येते.

बंधाऱ्यामागे गाळ साठला की पहिले काम जवळजवळ बंद पडते. दुसरे काम मात्र बऱ्याच प्रमाणात चालू राहते, कारण गाळाने सपाट झालेल्या पात्रात पाणी संथ वाहते. म्हणून गाळाने भरलेला दगडी बांध निकामी झाला असे समजून त्याचे दगड काढून नेऊ नयेत.

थोडी आकडेमोड

बंधाऱ्याकडून किती अपेक्षा ठेवावी हे समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. ओढ्याचा उतार २ टक्के, पात्राची रुंदी ६ मीटर आणि बंधाऱ्याची उंची १ मीटर आहे असे समजा. पाण्याचा फुगवटा मागे ५० मीटरपर्यंत जाईल. फुगवट्याचा आकार पाचरीसारखा असल्याने साठा निम्मा धरावा. १ × ५० × ६ या गुणाकाराच्या निम्मे, म्हणजे १५० घनमीटर, अर्थात दीड लाख लिटर. असे २० बंधारे घातले तर एकूण साठा ३,००० घनमीटर होतो.

आता पाणलोट क्षेत्र ५० हेक्टर आहे असे धरू. एक हेक्टरवर १ मि.मी. पाऊस पडला म्हणजे १० घनमीटर पाणी पडते. ६० मि.मी. पावसात ५० हेक्टरवर ३०,००० घनमीटर पाणी पडेल. त्यातील निम्मे वाहून आले तर १५,००० घनमीटर. आपले २० बंधारे रिकामे असतील तर यातील पाचवा हिस्सा अडवितात. हा हिस्सा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. पण बंधारे आधीच भरलेले असतील तर साठवणुकीचा उपयोग शून्य. उरतो तो फक्त वेग कमी करण्याचा.

याच पाणलोटाच्या वरच्या २५ हेक्टरवर सलग समतल चर खोदले तर काय होते ते पाहा. चर ६० सें.मी. रुंद, ३० सें.मी. खोल आणि दोन ओळींत १० मीटर अंतर ठेवल्यास हेक्टरी सुमारे १,००० मीटर लांबीचे चर बसतात. त्यांत हेक्टरी १८० घनमीटर व २५ हेक्टरवर ४,५०० घनमीटर पाणी मावते. म्हणजे ओढ्यातील २० बंधाऱ्यांच्या दीडपट पाणी माथ्यावरच अडते, तेही वेग घेण्याआधी. 'माथा ते पायथा' ही पद्धत पाणलोट विकासात धरली जाते ती याच हिशेबामुळे. आधी माथ्यावर चर, गवत व झाडे, मग घळींत दगडी बांध आणि शेवटी ओढ्यावर बंधारा. हा क्रम उलटा केला की बंधारा पाण्याऐवजी गाळच साठवितो.

२६ जुलै २००५ चा धडा

लहान-मध्यम पावसात बंधारे उपयोगी पडतात हे खरे, पण महापुराचे काय? २६ जुलै २००५ रोजी मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मि.मी. पावसाची नोंद झाली. तोच पाऊस आपल्या उदाहरणातील ५० हेक्टरवर पडला असता तर ४ लाख ७२ हजार घनमीटर पाणी झाले असते. त्यापुढे २० बंधाऱ्यांचे ३,००० घनमीटर म्हणजे शेकडा एक हिस्साही नाही. मिठी नदी ज्या विहार व पवई तलावांखालून वाहत येते ते कितीतरी मोठे आहेत. तरीही त्या दिवशी मिठीने दोन्ही काठ बुडविले. तेव्हा गावाला महापुरापासून वाचविण्याची हमी देऊन कोणी बंधारा बांधत असेल तर त्यावर विसंबू नये. पूररेषेच्या आत घर, गोठा किंवा पंपघर बांधू नये, मग वर कितीही बंधारे असोत.

त्याच दिवशी दक्षिण मुंबईत कुलाब्याला अवघा ७३ मि.मी.च्या आसपास पाऊस झाला. एवढ्या जवळच्या दोन ठिकाणी इतका फरक पडू शकतो. म्हणून तालुक्याच्या आकड्यावर न राहता गावात स्वतःचे पर्जन्यमापक असणे आवश्यक आहे.

खाडीकाठच्या शेतकऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २६ जुलैला पावसाच्या जोडीला समुद्राला भरती होती, त्यामुळे पाण्याला बाहेर जायला वाट मिळाली नाही. खाजण जमिनीत भरतीच्या वेळी उघाड्या बंद असतात आणि डोंगराचे पाणी आतच तुंबते. बंधाऱ्यांमुळे पूर तास-दोन तास उशिरा येत असेल तर तो ओहोटीत निघून जाईल की नेमका भरतीत सापडेल, हे त्या दिवशीच्या भरतीच्या वेळेवर ठरते. म्हणून खाडीकाठी बंधाऱ्यांबरोबर उघाड्यांची दुरुस्ती आणि वहाळाच्या तोंडाची सफाई ही कामे पावसाळ्यापूर्वी झालीच पाहिजेत.

खालच्या शेतकऱ्याचे पाणी तुटते काय?

या प्रश्नावर अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या चिरिकाहुआ डोंगरातील एक अभ्यास उपयुक्त आहे. हा कोरडा मुलूख असून तेथेही उन्हाळी पाऊस मोसमी स्वरूपाचा असतो. शेजारशेजारच्या दोन पाणलोटांची तुलना करण्यात आली. एकात ३० वर्षांच्या काळात असंख्य लहान दगडी बांध घातलेले होते, दुसऱ्यात काहीच नव्हते. जून ते ऑक्टोबर २०१३ या काळात दोन्ही ओढ्यांचे पाणी मोजले. बांध घातलेल्या ओढ्यात पुराची उंची कमी राहिली. विशेष म्हणजे हंगामातील एकूण प्रवाह कमी होण्याऐवजी जास्त भरला. बहुतेक बांध ३० वर्षांनंतरही काम देत होते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. बांध लहान असतील, झिरपणारे असतील आणि अडलेले पाणी उपसले जात नसेल, तर ते पाणी नाहीसे होत नाही, उशिरा खाली पोहोचते. मात्र वरच्या शेतकऱ्यांनी प्रत्येक बंधाऱ्यावर मोटार बसवून पाणी उपसले तर खालच्याचे पाणी निश्चित तुटते. कोकणात पाऊस भरपूर असल्याने पावसाळ्यात हा प्रश्न येत नाही. पण देशावरील अवर्षणप्रवण भागात, जेथे वर्षात ओढा दोन-चार वेळाच वाहतो, तेथे वरचे बंधारे आधी भरतात व खालच्यांच्या वाट्याला काही उरत नाही. अशा गावांनी बंधारा बांधण्यापूर्वीच उपशाचे नियम ठरवावेत. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने बंधारे-चर यांच्या जोडीला उपलब्ध पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरविली आणि सिंचनासाठी कूपनलिकांना मनाई केली. त्या गावाच्या यशात या शिस्तीचा वाटा दगड-मातीच्या कामाइतकाच आहे.

जागा कोठे निवडावी?

पाणी मुरेल तेथे बंधारा हवा असे आपण म्हणतो, पण मुरलेले पाणी कोठे निघते हे डोळ्यांना दिसत नाही. येथे ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांचे काम उपयोगी पडते. पाण्यातील हायड्रोजन व ऑक्सिजन यांचे काही अणू नेहमीपेक्षा किंचित जड असतात. डोंगरावर जसजसे उंच जावे तसतसे पावसाच्या पाण्यातील या जड अणूंचे प्रमाण कमी होते. त्यामुळे झऱ्याचे पाणी तपासून तो झरा कोणत्या उंचीवरच्या पावसाने भरतो हे सांगता येते. यालाच समस्थानिक तंत्र म्हणतात. उत्तराखंडातील चमोली जिल्ह्यात गौचर परिसरातील आटत चाललेल्या झऱ्यांसाठी भाभा अणुसंशोधन केंद्राने हे तंत्र वापरले. झऱ्यांचे भरणक्षेत्र निश्चित केल्यानंतर नेमके तेथे लहान बांध व चर घेण्यात आले आणि झऱ्यांचे पाणी वाढले. या कामाचा अहवाल २००८ मध्ये प्रसिद्ध झाला.

प्रत्येक गावाला अशी तपासणी करणे शक्य नाही, पण त्यातील तत्त्व सर्वांना लागू आहे: विहिरीचे किंवा झऱ्याचे पाणी जेथून येते तेथे काम करा, विहिरीच्या काठावर नव्हे. त्यासाठी पुढील खुणा पाहाव्यात.

१) ओढ्याच्या तळात मऊ मुरूम किंवा भेगाळलेला खडक असल्यास पाणी चांगले मुरते. सलग काळा पाषाण असल्यास मुरत नाही. तेथे फक्त साठवणुकीसाठी बंधारा घ्यावा.

२) कोकणातील जांभा सच्छिद्र असतो. त्यात पाणी झटकन मुरते, तसेच ते उतारावरून झटकन बाहेरही पडते. अशा ठिकाणी जास्त दिवस साठा हवा असल्यास प्लास्टिक कापडाचा आधार घ्यावा लागतो.

३) पात्र अरुंद, काठ पक्के व मागची बाजू पसरट असलेली जागा उत्तम. वळणावर बंधारा घेऊ नये, काठ कापला जातो.

४) घळीतील दगडी बांधांत अंतर असे ठेवावे की खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायथ्याशी समपातळीत यावा. १ मीटर उंचीच्या बांधांत ५ टक्के उतारावर २० मीटर अंतर येते.

५) वस्तीच्या वरच्या अंगाला, तीव्र उतारावर व जाड मातीच्या थरात चर खोदू नयेत किंवा पाणी अडवू नये. महाड तालुक्यातील दासगाव व जुई येथे २००५ मध्ये आणि तळिये येथे २०२१ मध्ये अतिवृष्टीत दरडी कोसळून झालेली मनुष्यहानी आपण विसरू नये. भिजून जड झालेला डोंगर केव्हा घसरेल याचा भरवसा नसतो. अशा ठिकाणी पाणी मुरविण्याऐवजी ते सुरक्षित वाटेने काढून देणे हेच शहाणपणाचे आहे.

सांडवा: सर्वांत महत्त्वाचा भाग

बंधारे फुटतात ते बहुतेक वेळा सांडवा अपुरा असल्यामुळे. फुटलेला बंधारा पूर कमी करीत नाही, उलट वाढवितो. वरचा फुटला की त्याचा लोंढा खालच्यांनाही घेऊन जातो. म्हणून सांडव्याचा हिशेब अंदाजाने करू नये.

येणारे पाणी काढण्याची सोपी रीत अशी: पाणलोटाचे हेक्टर, पावसाची तीव्रता (मि.मी. दर तासाला) आणि अपधाव गुणक यांचा गुणाकार करून त्याला ३६० ने भागावे. उत्तर घनमीटर प्रति सेकंद येते. समजा पाणलोट २० हेक्टर, तीव्रता १०० मि.मी. आणि गुणक अर्धा आहे. २० × १०० × ०.५ = १,००० आणि त्याला ३६० ने भागले की सुमारे २.८ घनमीटर प्रति सेकंद. सांडव्यावरून अर्धा मीटर खोलीने पाणी वाहिल्यास दर मीटर लांबीतून सुमारे ०.६ घनमीटर जाते. म्हणजे सांडवा किमान ५ मीटर लांब हवा आणि दोन्ही बाजूंच्या भिंती अर्ध्या मीटरपेक्षा आणखी ३० सें.मी. तरी उंच हव्यात. सांडव्याखाली पाणी पडते तेथे मोठ्या दगडांचे पिचिंग करावे, अन्यथा पाया उघडा पडतो. मातीच्या बांधावरून पाणी कधीही वाहू देऊ नये.

कायम स्वरूपाच्या बंधाऱ्याचा आराखडा कृषि किंवा जलसंधारण खात्याच्या अभियंत्याकडून तपासून घ्यावा आणि ग्रामपंचायतीची संमती घ्यावी.

कोणता बंधारा निवडावा?

* अनघड दगडांचा बांध: माथ्याजवळच्या लहान घळींसाठी. खर्च कमी, काम गावातल्या गावात होते. मोठे दगड बाहेरच्या बाजूला व मध्यभाग काठांपेक्षा खोलगट ठेवावा, म्हणजे पाणी मधूनच जाईल.
* जाळीचा म्हणजे गॅबियन बंधारा: दगड वाहून जाण्याइतका वेग असेल तेथे. तारेच्या जाळीत दगड भरल्याने तो पाया थोडा खचला तरी तुटत नाही.
* माती नाला बांध: ओढ्याचा उतार ३ टक्क्यांपेक्षा कमी आणि बाजूला सांडव्यासाठी पक्की जागा असेल तरच.
* सिमेंट नाला बंधारा: पात्र निश्चित, पाया पक्का व पाणी जास्त असेल तेथे.
* वनराई बंधारा: सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती किंवा वाळू भरून, तोंडे शिवून, विटांच्या बांधकामाप्रमाणे सांधेमोड करून रचावा. पावसाळा संपताना, ओढ्यात धार असतानाच घालावा. जूनपूर्वी पोती काढून घ्यावीत.
* कोकण विजय बंधारा: दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषि विद्यापीठाने शिफारस केलेला हा बंधारा जागेवरचे दगड व प्लास्टिक कापड यांच्या साहाय्याने थोड्या खर्चात होतो.

शेवटचे दोन बंधारे पावसाळ्यानंतर घालायचे असल्याने त्यांचा पुराशी संबंध नाही. त्यांचा उपयोग भाजीपाला, कलिंगड, कलमांना पाणी आणि गुरांचे पाणी यांसाठी आहे.

देखभाल

चैत्र-वैशाखात बंधारे कोरडे पडल्यावर गाळ काढून शेतात पसरावा. मातीचे सोने परत मिळते. गाळ काढताना मूळ तळाच्या खाली खोदू नये. ओढा गरजेपेक्षा खोल केला तर शेजारच्या विहिरींचे पाणी त्यात उतरते आणि भरायची ती विहीर रिती होते. पहिल्या मोठ्या पावसानंतर प्रत्येक बंधाऱ्याची पाहणी करावी. खेकड्यांची भोके, काठाशी पडलेल्या चिरा व सांडव्यात अडकलेला पालापाचोळा यांचा वेळीच बंदोबस्त करावा.

स्वतः मोजा

बंधाऱ्यांचा उपयोग झाला की नाही हे दुसऱ्याने सांगण्याची वाट पाहू नये. त्यासाठी चार नोंदी पुरेशा आहेत.

१) रोज सकाळी ठरावीक वेळी पर्जन्यमापकाची नोंद.

२) ओढ्याकाठच्या पक्क्या खडकावर रंगाने सेंटिमीटरच्या खुणा करून पुराची सर्वांत उंच पातळी व ती येण्याची वेळ.

३) पावसाळ्यानंतर दर आठवड्याला ओढ्याची धार एका जागी पन्हळीतून घेऊन बादली किती सेकंदांत भरते त्याची नोंद.

४) दर महिन्याच्या ठरावीक तारखेला विहिरीतील पाण्याची खोली.

शेजारी बंधारे नसलेला तेवढाच ओढा असेल तर त्याच्याही याच नोंदी ठेवाव्यात. दोन-तीन वर्षांत फरक कागदावर दिसू लागेल. शाळेतील मुलांवर ही जबाबदारी सोपविल्यास नोंदीत खंड पडत नाही.

सारांश

लहान बंधारे नेहमीच्या पावसातील पूर उतरवितात, मातीची धूप थांबवितात आणि ओढ्याची धार लांबवितात. महापूर ते थांबवू शकत नाहीत. एकटा-दुकटा बंधारा फारसे काम देत नाही. माथ्यापासून पायथ्यापर्यंत अनेक लहान कामे मिळून परिणाम दिसतो. सांडवा पुरेसा नसेल तर बंधारा न बांधलेला बरा. आणि अडविलेले पाणी वाटून घेण्याचा नियम नसेल, तर बंधारा भरतो पण गाव कोरडेच राहते. यंदाचा पावसाळा सुरू होण्यापूर्वी आपल्या ओढ्याच्या उगमापासून शेवटापर्यंत गावकऱ्यांसह एकदा पायी फिरून यावे, पाणी कोठे वेग घेते व कोठे मुरते हे पाहावे, आणि मगच पहिला दगड ठेवावा.